उन्हाचा चोख हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅना मणी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पावसाच्या बाबतीत निसर्गाने या भागासाठी हात आखडता घेतला आहे; उन्हाच्या बाबतीत मात्र तो सढळ आहे. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस, माळावरची ज्वारी, कांदा, डाळिंब या साऱ्यांचे गणित पाणी आणि ऊन या दोहोंवर बेतलेले असते. अलीकडच्या काळात या उन्हाला आणखी एक मोल आले आहे. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जायचे आणि त्यातच बिबट्याची धास्ती बाळगायची, या दुहेरी जाचातून सुटण्यासाठी दिवसा वीज मिळावी, ही शिरूर परिसरातील शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. राज्याची २०१७ सालची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, केंद्राची २०१९ सालची कुसुम योजना आणि २०२४ सालची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना यांचा भर याच दिवसाच्या विजेवर आहे.

मात्र सौर पंप असो वा सौर प्रकल्प, त्याची आखणी करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो उन्हाचा. त्या जागी वर्षभरात नेमके किती ऊन पडते? आज हा आकडा संगणकावर क्षणार्धात मिळतो. उपग्रहाने टिपलेले ढग आणि वातावरणाचे गणित यांच्या आधारे तो काढलेला असतो. परंतु गणिताने दिलेला आकडा खरा मानायचा की नाही, हे अखेर जमिनीवर बसवलेले उपकरणच सांगू शकते. अशी उपकरणे भारतात बनवावीत, ती देशभर एकाच मापाने चालावीत आणि त्यांच्या नोंदी विश्वासार्ह असाव्यात, यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञाचे नाव अ‍ॅना मणी. त्यांच्या कार्याचा पाया घातला गेला तो पुण्यात, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात.

पीरमेडची पुस्तकवेडी मुलगी

अ‍ॅना मोडयिल मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे, एका सधन सीरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. आठ भावंडांत त्या सातव्या. वडील स्थापत्य अभियंता होते आणि कुटुंबाचे वेलदोड्याचे मळे होते. घरची रीत त्या काळातल्या उच्चभ्रू घरांसारखीच होती. मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे, मुलींनी लग्न करून संसाराला लागावे, असा दंडक होता. अ‍ॅना मात्र लहानपणापासून पुस्तकांत रमली. आठव्या वाढदिवसाला घरच्या प्रथेप्रमाणे हिऱ्याची कर्णफुले देऊ केली गेली, तेव्हा तिने ती नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. बाराव्या वर्षापर्यंत गावच्या वाचनालयातली जवळजवळ सर्व मल्याळी पुस्तके तिने वाचून संपवली होती.

१९२५ साली वायकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्रावणकोरात आले. त्या वातावरणाचा ठसा या मुलीच्या मनावर कायमचा उमटला. तिने खादीचा स्वीकार केला आणि पुढे आयुष्यभर सोडला नाही. थोरल्या बहिणींप्रमाणे लवकर लग्न न करता उच्च शिक्षण घेण्याचा निर्धारही तिने केला. घरच्यांनी उत्तेजन दिले नाही, तसा विरोधही केला नाही.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. १९४० साली शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या आणि नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागल्या.

हिऱ्यांचा अभ्यास आणि हुकलेली पदवी

ज्या मुलीने हिऱ्यांची कर्णफुले नाकारली, तिच्या वाट्याला संशोधनाचा विषय म्हणून हिरेच यावेत, हा एक योगायोगच. रामन यांच्याकडे सुमारे तीनशे हिऱ्यांचा संग्रह होता. या हिऱ्यांवर आणि माणकांवर प्रकाश टाकला असता ते तो कसा शोषून घेतात आणि कसा परत फेकतात, याचे वर्णपट अ‍ॅना मणी यांनी नोंदवले. एकेका छायापट्टीवर वर्णपट उमटवण्यासाठी पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे. अनेकदा रात्री प्रयोगशाळेतच काढाव्या लागत. उपकरण अचूक लावणे, तासन् तास धीर धरणे आणि मिळालेल्या नोंदीवर लगेच विश्वास न ठेवता ती पुन्हा पडताळून पाहणे, ही सवय त्यांना येथेच लागली.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. परंतु त्यांच्याकडे एम. एस्सी. ही पदवी नाही, या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील ऑनर्स पदवी आणि त्यानंतर संशोधनासाठी मिळालेली शिष्यवृत्ती या दोन्ही गोष्टी विद्यापीठाने पुरेशा मानल्या नाहीत. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. अ‍ॅना मणी यांनी मात्र या गोष्टीचे भांडवल केले नाही. नावामागे डॉक्टर ही उपाधी नसताना त्यांनी पुढची तीस-पस्तीस वर्षे जे काम केले, ते त्यांची योग्यता सिद्ध करण्यास पुरेसे होते.

लंडनमार्गे पुण्यात

त्याच वर्षी परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला गेल्या. भौतिकशास्त्रात पुढे संशोधन करावे, अशी त्यांची इच्छा होती. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पोहोचल्यावर कळले, की उपलब्ध असलेली एकमेव जागा हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची आहे. हाती आलेले काम त्यांनी मनापासून स्वीकारले. उपकरणे कशी बनतात, त्यांची चाचणी कशी होते, एका उपकरणाची दुसऱ्याशी तुलना कशी करतात, याचा त्यांनी तीन वर्षे कसून अभ्यास केला.

१९४८ साली त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्यात भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी सिमला ऑफिस या नावाने रुळली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुख्यालय दिल्लीला गेले, तरी उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. त्या वेळी एस. पी. वेंकटेश्वरन हे त्याचे प्रमुख होते. देशात पर्जन्यमापक, तापमापक, वायुभारमापक यांसारखी साधी उपकरणेदेखील तोवर प्रामुख्याने विलायतेहून येत असत. हवामानाच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा, असे वेंकटेश्वरन यांचे स्वप्न होते. अ‍ॅना मणी यांनी ते आपलेसे केले.

कार्यशाळेत कुशल कारागीर कमी होते, साहित्य अपुरे होते. तरीही सुमारे शंभर निरनिराळ्या हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचे उत्पादन सुरू करण्यात आले. १९५३ साली त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी काम करीत होते. त्या काळात एका स्त्रीने यंत्रशाळेचे नेतृत्व करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर असे. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, ही त्यांची धारणा होती आणि कार्यशाळेतून बाहेर पडणारे प्रत्येक उपकरण याच कसोटीवर घासून पाहिले जाई.

मोजलेले ऊन आणि गणिताचे ऊन

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेला शास्त्रात सौर प्रारण म्हणतात. वातावरणाच्या बाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,३६१ वॅट इतकी ही ऊर्जा पडते. जमिनीवर पोहोचेपर्यंत तिच्यात घट होते. काही भाग हवेतले रेणू विखुरतात, काही बाष्प आणि ओझोन शोषून घेतात, काही धूळ अडवते आणि ढग आले तर मोठा हिस्सा परत फिरतो. उरलेले जमिनीवर येते. निरभ्र दिवशी माध्यान्ही ते प्रति चौरस मीटर हजार वॅटच्या आसपास असू शकते.

सूर्य आकाशात कोणत्या वेळी कोठे असेल, हे गणिताने अचूक सांगता येते. वातावरण पूर्णपणे स्वच्छ असते, तर जमिनीवर किती ऊन पडेल हेही गणित सांगू शकते. परंतु खरे वातावरण स्वच्छ नसते. फाल्गुन-चैत्रात माळरानावरून उठणारी धूळ, वैशाखातली झाकोळ, पावसाळ्यातले ढग, कार्तिकातली धुक्याची दुलई यांचा हिशेब कागदावर करता येत नाही. त्यासाठी मोजणी करावी लागते. काचेच्या घुमटाखाली काळा रंग दिलेला पृष्ठभाग उन्हात ठेवायचा, तो किती तापतो यावरून निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजायचा आणि त्यावरून ऊन किती पडले हे काढायचे, असे या मोजणीचे तत्त्व आहे. या उपकरणाला पायरानोमीटर म्हणतात. केवळ सूर्यबिंबाकडून थेट येणारे ऊन मोजायचे असेल, तर सूर्यावर रोखलेली नळी वापरतात. ते उपकरण म्हणजे पायरहेलिओमीटर.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्याची जबाबदारी अ‍ॅना मणी यांच्यावर आली. सुरुवातीला परदेशी उपकरणे वापरण्यात आली. ती महाग होती आणि बिघडली तर दुरुस्तीला परदेशाकडेच पाहावे लागे. त्यामुळे अ‍ॅना मणी यांनी ती पुण्यातच तयार करण्याचा मार्ग धरला. उपकरण तयार झाले म्हणजे काम संपले, असे मात्र त्यात नव्हते. वाळवंटातल्या केंद्रावरचे उपकरण आणि समुद्रकाठच्या केंद्रावरचे उपकरण यांनी एकाच उन्हाला एकच आकडा दाखवला पाहिजे. म्हणून प्रत्येक उपकरण पुण्यातील प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिले जाई आणि पुण्याचे प्रमाण उपकरण जागतिक प्रमाणाशी. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जगातील प्रमाण उपकरणांची ठरावीक काळाने तुलना होते, तेथे ही साखळी पोहोचते.

ही साखळी किती महत्त्वाची आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. १९५६ सालची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आणि १९८० पासून जगाने स्वीकारलेली नवी मोजपट्टी यांत सुमारे दोन टक्क्यांचा फरक आहे. जुन्या नोंदी कोणत्या मोजपट्टीवर घेतल्या, हे ठाऊक नसेल, तर ऊन खरोखर वाढले की केवळ माप बदलले, हे कोणालाही सांगता येणार नाही. पुढे आशिया खंडासाठी जागतिक हवामान संघटनेचे प्रादेशिक प्रारण केंद्र म्हणून पुण्याला मान मिळाला, त्यामागे ही शिस्त होती.

काचेच्या गोळ्याचा आधार

प्रत्येक तालुक्यात पायरानोमीटर बसवणे त्या काळी शक्य नव्हते. मग जेथे उपकरण नाही, तेथल्या उन्हाचा अंदाज कसा करायचा? यासाठी एक जुनी युक्ती उपयोगी पडली. अनेक वेधशाळांत काचेचा एक भरीव गोळा ठेवलेला असतो. सूर्यकिरण त्यातून एकवटून मागे लावलेल्या पट्टीवर पडतात आणि पट्टी जळत जाते. दिवसाअखेर जळलेल्या रेघेची लांबी मोजली, की सूर्य किती तास तळपला हे समजते. स्वीडनचे शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी १९२४ साली सूर्यप्रकाशाचे तास आणि सौर प्रारण यांचा संबंध सांगणारे सोपे सूत्र मांडले होते.

या सूत्रात दोन अंक असे आहेत, की ते हवामानानुसार बदलतात. ते कोठून मिळवायचे? ज्या केंद्रावर काचेचा गोळा आणि पायरानोमीटर दोन्ही आहेत, तेथल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून. म्हणजे गणिताने काढलेल्या आकड्याचा पायाही पुन्हा मोजलेल्या आकड्यावरच उभा असतो. स्वीडनमध्ये किंवा इंग्लंडमध्ये ठरवलेले अंक दख्खनच्या पठारावर जसेच्या तसे लावले, तर उत्तर चुकण्याचा संभव मोठा. भारतातील मोजणीचे जाळे याचसाठी आवश्यक होते.

गणित आणि मोजणी यांत फरक पडला, की अनेकांना तो दोष वाटतो. अ‍ॅना मणी यांनी या फरकाचाच उपयोग करून घेतला. स्वच्छ हवेतून किती ऊन यायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती आले, यातली तूट म्हणजे हवेतल्या धुळीचे आणि धुरकटपणाचे माप. भारतातील वेगवेगळ्या केंद्रांवरच्या नोंदींवरून वातावरणाच्या या गढूळपणाचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसमवेत केला. तो १९६९ साली टेलस या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हवेच्या प्रदूषणाची चर्चा घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

पुण्याला या बाबतीत आणखी एक परंपरा होती. याच विभागातील कृषिहवामानशास्त्राचे प्रवर्तक एल. ए. रामदास यांनी १९३२ साली एक चमत्कारिक नोंद प्रसिद्ध केली होती. निरभ्र आणि शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून असेल, असे त्या काळचे शास्त्र सांगत होते. रामदास यांना ती जमिनीपासून वीतभर किंवा थोडी अधिक उंचीवर आढळली. हे मोजणीच्या चुकीमुळे घडले असावे, असे अनेक वर्षे मानले गेले. पुढे नोंद खरी ठरली आणि त्या थराला रामदास थर हे नाव मिळाले. उष्णतेच्या प्रारणाच्या गणितातून त्याची उकल करण्याचे प्रयत्न बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आणि त्यानंतर केले. मोजणी काळजीपूर्वक केलेली असेल, तर सिद्धान्ताला तिच्यापुढे नमते घ्यावे लागते, हा धडा सिमला ऑफिसला नवा नव्हता.

फुग्यासोबत आकाशात

जमिनीवरचे ऊन मोजून अ‍ॅना मणी थांबल्या नाहीत. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने वर जाते. वातावरणातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड तिचा काही भाग शोषतात आणि पुन्हा खाली पाठवतात. वर किती जाते आणि खाली किती येते, याच्या वजाबाकीवर हवेचा प्रत्येक थर किती वेगाने थंड होतो हे अवलंबून असते. त्या काळी हा हिशेब प्रामुख्याने आलेखांच्या साहाय्याने मांडला जाई. बाष्प आणि तापमान यांचे आकडे त्यात घालायचे आणि उत्तर काढायचे. हवेतल्या धुळीला त्या हिशेबात पुरेसे स्थान नव्हते.

हे गणित भारतीय आकाशात कितपत लागू पडते, हे पाहण्यासाठी हवेतच मोजणी करणे भाग होते. त्यासाठी वापरलेले उपकरण होते रेडिओमीटरसोंद. वर तोंड केलेला एक आणि खाली तोंड केलेला एक असे दोन काळे पृष्ठभाग, त्यांवर पातळ पॉलिथीनचे आवरण आणि मिळालेले आकडे रेडिओद्वारे जमिनीवर पाठवण्याची सोय, असे हलके उपकरण हायड्रोजनच्या फुग्याला बांधून सोडले जाई. सूर्याच्या किरणांनी मोजणीत घोटाळा होऊ नये म्हणून ही उड्डाणे रात्री होत. फुगा वर जाऊन फुटेपर्यंत प्रत्येक थरातली नोंद मिळत राही. हिवाळ्यात वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे त्या ऋतूत पुण्याहून सुटलेला फुगा साहजिकच दौंडच्या दिशेने सरकतो. भारतावरील अवरक्त प्रारणाच्या या मोजणीचा अहवाल अ‍ॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली अमेरिकेतील भूभौतिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला.

याच दशकात त्यांनी ओझोनकडे लक्ष वळवले. सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करणारा हा वायू वातावरणात कोणत्या उंचीवर किती आहे, हे मोजणारे ओझोनसोंद हे उपकरण पुण्यात तयार झाले. स्वतःचे असे उपकरण असलेले देश त्या वेळी मोजकेच होते. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राने १९८५ साली जगाचे लक्ष वेधले, तेव्हा भारताजवळ ओझोन मोजण्याचा दोन दशकांचा अनुभव जमा होता. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर अ‍ॅना मणी यांची निवड झाली, ती याच कार्यामुळे.

डॉ. विक्रम साराभाई यांनी केरळमधील थुंबा येथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र उभारले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सुटला. या केंद्रासाठी हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभा करण्याचे काम साराभाई यांनी अ‍ॅना मणी यांच्याकडे सोपवले होते. वाऱ्याची नेमकी माहिती असल्याशिवाय अग्निबाण सोडता येत नाही. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाच्या आरंभातही अशा रीतीने पुण्याच्या उपकरण विभागाचा वाटा आहे.

निवृत्तीनंतरचे दोन ग्रंथ

१९७६ साली भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी तीन वर्षे अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम केले. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर सौर आणि पवन ऊर्जेची चर्चा सुरू झाली होती. भारतात ऊन भरपूर आहे, हे सर्वच म्हणत. पण कोठे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या तासाला किती, हे सांगणारा ग्रंथ हाताशी नव्हता. अ‍ॅना मणी यांनी तो तयार केला. १९८० साली भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा संदर्भग्रंथ आणि त्यापाठोपाठ एस. रंगराजन यांच्यासमवेत लिहिलेला भारतावरील सौर प्रारणासंबंधीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जेथे उपकरणे होती तेथले मोजलेले आकडे आणि जेथे नव्हती तेथले गणिताने काढलेले आकडे, असे दोन्ही त्यांत आहेत. सौर बंब, सौर पंप, इमारती यांची आखणी करणाऱ्या अभियंत्यांच्या पिढ्या या आकड्यांवर विसंबून राहिल्या.

वाऱ्याचेही असेच सर्वेक्षण त्यांनी हाती घेतले. सातशेहून अधिक ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजून त्याची माहिती खंडांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पवनचक्क्या कोठे उभाराव्यात, याचा निर्णय घेताना या नोंदींचा आधार मिळाला. वारा आणि ऊन मोजणारी उपकरणे बनवण्यासाठी त्यांनी बंगळूर येथे एक छोटा उद्योगही चालवला. १९८७ साली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने के. आर. रामनाथन पदक देऊन त्यांचा गौरव केला. त्या अविवाहित राहिल्या. निसर्गभ्रमंती, पक्षिनिरीक्षण आणि वाचन हे त्यांचे छंद होते. १९९४ साली पक्षाघाताचा झटका आल्याने त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

नोंदींनी उघड केलेले सत्य

अ‍ॅना मणी यांनी घालून दिलेल्या शिस्तीचे फळ त्यांच्या निधनानंतरही मिळत राहिले. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातील बारा केंद्रांवरच्या १९८१ ते २००४ या काळातील सौर प्रारणाच्या नोंदी तपासल्या. भारतावर पडणारे ऊन या काळात दर वर्षी प्रति चौरस मीटर सरासरी ०.८६ वॅट इतके घटत गेल्याचे त्यांना आढळले. २००७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आकाश पूर्वीपेक्षा मंद होत असल्याचे हे लक्षण होते. सूर्य बदललेला नव्हता. धूर, धूळ आणि ढग यांचे प्रमाण बदलले होते. जगाच्या इतर भागांतही अशी घट आढळली असून हवामानाची संगणकीय प्रारूपे ती पुरेशी दाखवत नाहीत, असे तुलनेत दिसून आले आहे. एका वर्षातला बदल एका वॅटपेक्षाही कमी. उपकरणांच्या मापात वर्षावर्षाला फरक पडत गेला असता, तर हा बदल कोणाच्या लक्षातही आला नसता.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१० साली सौर ऊर्जेची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तिच्यासाठी चेन्नईच्या पवन ऊर्जा संस्थेने पहिल्या टप्प्यात देशभर ५१ स्वयंचलित प्रारणमापन केंद्रे उभारली. जानेवारी २०२५ अखेर देशाची सौर वीजनिर्मितीची क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. उपग्रहांमुळे कोणत्याही शिवारातल्या उन्हाचा अंदाज मिळू लागला आहे. तरीही धुळीचे दिवस, पावसाळ्यातले अर्धवट ढगाळ आकाश अशा वेळी उपग्रहाचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा यांत अंतर पडते.

हे अंतर शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचते. एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून आपल्याकडे वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज मिळते, असे धरले आणि उन्हाचा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला, तर वर्षाला पाऊण लाख युनिटांची तूट येते. प्रकल्प पंचवीस वर्षे चालायचा असतो. कर्जाचा हप्ता मात्र गृहीत धरलेल्या आकड्यावर ठरलेला असतो. उसाला पाणी किती द्यावे, याचे शास्त्रीय गणितही सौर प्रारणावर आधारलेले आहे. पिकातून आणि जमिनीतून किती पाणी उडून जाते, हे ठरवणारा मोठा घटक ऊनच आहे. पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत, जेथे कालव्याच्या एकेका आवर्तनाची वाट पाहिली जाते, तेथे हा हिशेब चुकणे परवडणारे नाही.

अ‍ॅना मणी यांच्या १०४ व्या जयंतीला, २३ ऑगस्ट २०२२ रोजी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले आणि अनेकांना त्यांचे नाव प्रथमच कळले. ज्या पुण्यात त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे वेचली, त्या पुण्याच्या जिल्ह्यातही त्या फारशा परिचित नाहीत. मात्र शिरूरच्या किंवा दौंडच्या माळावर सौर पॅनेल बसवताना अभियंता उन्हाचा जो आकडा धरतो, त्याची वंशावळ शोधत गेले तर ती सिमला ऑफिसातल्या त्या कार्यशाळेपर्यंत पोहोचते. यापुढे गावोगावी सौर प्रकल्प वाढत जातील, संगणकाची प्रारूपे अधिक सूक्ष्म होतील. त्यांच्यासोबत जमिनीवरच्या मोजणीची केंद्रेही वाढावीत, काचेचे घुमट रोजच्या रोज पुसले जावेत आणि उपकरणे वेळच्या वेळी प्रमाणाशी ताडून पाहिली जावीत. अ‍ॅना मणी यांनी या देशाला लावलेली ही सवय टिकली, तरच गणिताने दिलेल्या आकड्यावर शेतकऱ्याला भरवसा ठेवता येईल.